तेवीस तासांचे बूट

घरात बाळ आले की आपण सारे आधी बोटे मोजतो. हातांची दहा, पायांची दहा. हिशेब जुळला की जीव भांड्यात पडतो आणि मग नाक आजोबांचे की आत्याचे, ही चर्चा सुरू होते. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. बोटे मोजून झाली की बाळाचे पाऊल तळव्याच्या बाजूनेही पाहा. टाच हाताला लागते का, तळवा आपल्याकडे पाहतो की आत वळून दुसऱ्या पायाकडे पाहतो, आणि बोटाने हलकेच सरळ केले तर पाऊल सरळ येते की मध्येच अडते, एवढेच पाहायचे. सहज सरळ येत असेल तर बहुधा ते पोटातल्या अवघडलेल्या बैठकीचे वळण असते व काही दिवसांत जाते. तरीही डॉक्टरांना दाखवून घ्यावे. अडत असेल, तर मात्र बारशाची वाट पाहू नये.

हे मी आजीच्या अधिकाराने लिहीत आहे, डॉक्टरच्या नव्हे. पनवेलहून उरणकडे येणारा रस्ता जिथे समुद्रापाशी थांबतो, तिथले आमचे करंजा. वर द्रोणागिरीचा डोंगर, खाली धक्का, आणि धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच. संजीवनी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला, तोच हा डोंगर, असे आमच्याकडे सांगतात. औषधी डोंगराच्या पायथ्याशी राहूनही आमच्या घरात एकाच प्रकारचे वाकडे पाऊल दोनदा आले. पहिले माझ्या धाकट्या भावाचे, १९५७ साली. दुसरे माझ्या नातवाचे, मे २०१८ मध्ये. दोघांच्या मध्ये एकसष्ट वर्षे गेली, आणि त्या वर्षांत काय बदलले ते मी दोन्ही टोकांना उभे राहून पाहिले आहे.

नातवाचे डावे पाऊल विळ्याच्या पात्यासारखे आत वळलेले होते. टाच वर चढलेली, तळवा आकाशाकडे. केसपेपरवर डॉक्टरांनी चार अक्षरे लिहिली : सीटीईव्ही. बोलताना ते ‘क्लबफूट’ म्हणाले. साधारण आठशे ते हजार जन्मांमागे एका बाळाला हे व्यंग असते, मुलींपेक्षा मुलांत दुपटीने आढळते, आणि जवळजवळ निम्म्या बाळांत दोन्ही पावले वळलेली असतात. बहुतेकांच्या बाबतीत नेमके एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो. भावाविषयी सांगितले तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली.

कारण सांगता येत नाही म्हटले की शेजारपाजार ते पुरवतो. ३१ जानेवारी २०१८ रोजी खग्रास चंद्रग्रहण होते आणि आमची सून तेव्हा गरोदर होती. ग्रहणात तिने भाजी चिरली असेल, पाय मुडपून बसली असेल, विळीला हात लावला असेल, असे एकामागून एक निदान आमच्या ओटीवर मांडले जाऊ लागले. बाळंतिणीच्या खोलीला दार असते, पण आवाज अडेल असे नसते. मी जमलेल्या बायकांना एवढेच विचारले की, तो चंद्र साऱ्या देशावर उगवला होता; त्या रात्री देशभरातल्या लक्षावधी गर्भवतींपैकी भाजी चिरलेली फक्त आमचीच का? कोणी उत्तर दिले नाही, विषयही सुटला नाही, पण पुढे तो आमच्या ओटीवर कोणी काढला नाही. आपल्या घरात अशी वेळ आली तर ज्येष्ठांनी करायचे पहिले काम औषधाचे नाही. आईवर येणारा दोष दारातच अडवणे, हे ते काम आहे. पुढली चार-पाच वर्षे ज्या आईच्या हातून उपचार पार पडायचे, तिचे मन पहिल्या आठवड्यात मोडले तर प्लास्टर कोणाच्या भरवशावर घालणार?

दुसरे निदान तेलवालीचे होते. मालिश करणाऱ्या मावशी अनुभवी; त्यांच्या हातांनी गावातली दोन पिढ्यांची बाळे धष्टपुष्ट झाली. ‘महिनाभर कोमट तेलाने चोळते, पाय सुतासारखा येईल,’ असे त्या म्हणाल्या. खऱ्या क्लबफूटला मालिशने वळण लागत नाही, आणि जो महिना तेलात जातो तो उपचारासाठी सर्वांत मोलाचा असतो. मावशींना आम्ही बाकीच्या अंगाची मालिश दिली, तो पाय दिला नाही.

माझ्या भावाच्या वेळी असे सांगणारे कोणी नव्हते. आजीने पाऊल फडक्याने बांधले. हाडवैद्याने पाला लावून बांबूच्या कामट्या आवळल्या. सहाव्या वर्षी मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया झाली. पाऊल जमिनीला टेकले, पण लाकडासारखे झाले. घोट्यात वाकेना. लोक त्याला पोलिओ झाला समजत आणि तोही पुढे पुढे समजावून सांगण्याचा कंटाळा करून ‘होय’ म्हणू लागला. हलत्या बोटीच्या फळीवर तोल सांभाळायला घोटा लागतो; त्यामुळे तो समुद्रावर गेला नाही. आयुष्यभर धक्क्यावर बसून जाळी विणली, तुटलेली सांधली. हात सोन्याचे. पन्नाशीनंतर त्या पावलाने दुखण्याचे नवे पर्व सुरू केले. त्या काळी अशा मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांचे तसेच झाले, हे मला फार नंतर कळले.

आणि कळले तेव्हा आणखीही एक गोष्ट कळली, जी मला आजही सहज पचत नाही. भावाच्या जन्माच्या आधीच या व्यंगावरचा उपाय सापडलेला होता.

इग्नासिओ पोन्सेटी हे त्या डॉक्टरांचे नाव. जन्म १९१४, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. वडील घड्याळे दुरुस्त करीत आणि मुलगा त्यांच्या हाताखाली ती बारीक चाके हाताळी. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले, मग देश सुटला. फ्रान्स, मेक्सिको असे करीत १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोहोचले. तिथे लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पावले त्यांनी तपासली. ती ताठ होती, दुखत होती. तान्ह्या बाळाच्या पावलातली हाडे अजून बरीचशी कूर्चेची असतात आणि सांध्यांचे बंध लवचीक असतात. मग कापायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हाताने हळूहळू वळवून प्लास्टर घालण्याची पद्धत बसवली. १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली. फारसे कोणी लक्ष दिले नाही. प्लास्टर घालणारे इतरही होते, पण ते बळ भलत्या ठिकाणी लावत आणि पाऊल सरळ न झाल्याचा दोष प्लास्टरला देत. १९९५ साली आयोवातल्या जुन्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी चौतीस वर्षे वयाच्या त्या माणसांपैकी ७८ टक्क्यांची पावले उत्तम वा चांगली निघाली, तर जन्मतः निर्दोष पावले असलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्के होते. त्यानंतर, आणि विशेषतः मुलांच्या आईवडिलांनी आपसांत बातमी पसरवल्यावर, जग वळले. पोन्सेटी तेव्हा ऐंशीच्या घरात होते. २००९ मध्ये ते वारले, तोवर ही पद्धत जगभर पहिल्या पसंतीची झाली होती.

‘ऑर्थोपेडिक्स’ या शब्दातच मूल आहे, हे मला या निमित्ताने समजले. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली तो घडवला. ग्रीक ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पैदिऑन’ म्हणजे बालक. त्याच्या ग्रंथातले खुंटाला दोरीने बांधलेल्या वाकड्या रोपाचे चित्र आजही या शास्त्राची खूण आहे. आज त्या विभागात गुडघे बदलून घेणाऱ्या आपल्यासारख्यांचीच गर्दी असते, ती गोष्ट वेगळी.

आता उपचाराकडे येते. जन्मानंतर पंधरवड्याच्या आत पहिले प्लास्टर बसले. मांडीपासून बोटांपर्यंत, गुडघ्यात काटकोन. दर आठवड्याला जुने काढायचे, पाऊल थोडे आणखी वळवायचे, नवे घालायचे. बहुतेक बाळांना पाच-सहा प्लास्टरे पुरतात. मी डॉक्टरांचे हात पाहत असे. ते टाचेला दाबत नव्हते. घोट्याच्या पुढे बाहेर एक गोलसर हाड लागते, तिथे अंगठा टेकवून उरलेले पाऊल त्याभोवती अलगद बाहेर फिरवीत होते. पहिल्या वेळी तर पाऊल अधिकच वाकडे केल्यासारखे वाटले. आधी तळव्याची खोल कमान मोकळी व्हावी लागते, मग बाकीचे वळते, आणि टाच शेवटी आपसूक मागोमाग येते, असा तो क्रम. बाळ दूध पीत पडले असताना हे सारे होते. दुखत असते तर ते पीत राहिले नसते.

जून-जुलैचे ते दिवस. मासेमारी बंदीचा काळ असल्याने मुलगा घरी होता, हे आमचे भाग्य. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच पावसाळ्यात भरवशाची नाही. म्हणून एसटीने पनवेल, तिथून हार्बरची लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून परळ, असा दर आठवड्याचा प्रवास. प्लास्टरला दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर माझी जुनी सुती साडी, त्यावर छत्री. डब्यातल्या बायका विचारीत, ‘पडलं का हो बाळ?’ एवढ्याशा बाळाच्या पायात प्लास्टर म्हणजे कोणीतरी पाडले, असाच सर्वांचा समज. सून पहिल्या दोन वेळा रडली. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच एका अनोळखी बाईला क्लबफूट म्हणजे काय ते कुर्ल्यापर्यंत समजावले.

प्लास्टरच्या काळात घरातल्या ज्येष्ठांनी डोळा ठेवायचा तो बोटांवर. बोटे गुलाबी असावीत. अंगठा दाबून सोडला की पांढरेपणा जाऊन रंग लगेच परतावा. बोटे निळी-पांढरी किंवा गार लागली, सुजली, अथवा बोटे प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत सरकलेले प्लास्टर जखम करते आणि वळणही बिघडवते. ओला लंगोट प्लास्टरला लागू देऊ नये. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसणे. पावडर व तेल कडेने आत जाऊ नये.

पाचव्या प्लास्टरनंतर डॉक्टर म्हणाले, आता टाचेमागची शीर कापायची. ‘कापायची’ हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर भावाची सहाव्या वर्षीची पट्टी आली. प्रत्यक्षात ती पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा असते. दहापैकी आठ-नऊ बाळांत ती आखूड राहते आणि टाच खाली येऊ देत नाही. जागा बधिर करून, बारीक पात्याने, काही मिनिटांत हे होते. टाकाही लागत नाही. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. तेवढ्यात कंडरा पुन्हा जुळून येते, आणि हवी तेवढी लांब होऊन येते. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघाले तेव्हा टाच माझ्या तळहातावर टेकली.

भाऊ तेव्हा घरी आला होता. ते पाऊल त्याने स्वतःच्या जाड बोटांनी बराच वेळ धरून ठेवले. ‘बाय, याचा पाय सरल राहील ना?’ एवढेच विचारले. मी म्हटले, आता ते आपल्यावर आहे.

कारण इथून पुढचा भाग रुग्णालयात घडत नाही, घरात घडतो. आणि बहुतेक वेळा तो आजी-आजोबांच्या मांडीवर घडतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन बूट. दांड्याची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. वाकड्या पायाचा बूट बाहेरच्या बाजूला साठ ते सत्तर अंशांत, चांगल्या पायाचा तीस ते चाळीस अंशांत. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास हे बूट पायात हवेत. पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार ते पाच वर्षांचा होईपर्यंत. ज्या पावलाला वळण पुन्हा येते, त्यात सर्वांत मोठे कारण बूट न वापरणे हेच असते. सरळ झालेले पाऊल पाहून घरचे निर्धास्त होतात, आणि पायाच्या आत वळण्याची ओढ मात्र अजून संपलेली नसते.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडले. त्याला दोन्ही पाय वेगवेगळे झाडायची सवय, आणि आता ते एकत्रच हलत होते. मी दांडा धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, असा खेळ केला. तिसऱ्या दिवशी त्याला तो जमला आणि मग त्याने त्या दांड्याने माझा चष्मा उडवला. दांड्याला सुती कापड गुंडाळून घ्या, हा माझा अनुभवाचा सल्ला. सुती मोजे घालावेत. आधी मधला पट्टा घट्ट करावा, टाच खाली पूर्ण टेकली आहे ना ते पाहावे, मगच नाड्या बांधाव्यात. सैल बूट अधिक बोचतो, कारण पाय आत घासतो. बूट काढल्यावरचे लाल डाग थोड्या वेळात गेले तर काळजी नाही. फोड आला तर डॉक्टरांना दाखवावे. रडण्याचेही दोन प्रकार ओळखायला शिकावे लागते. दुखण्याचे रडणे बूट नीट बसवला की थांबते. बूट काढा म्हणून रडणे, एकदा काढला की रोज येते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा २६ ऑगस्टला होती. बूट घालून तीन-साडेतीन आठवडे झाले होते. आमच्याकडे त्या दिवशी बोटी सजतात, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत धक्क्यावर जातो, आणि घरातले पहिले मूल त्या दिवशी कोळी वेषात नटवायचे हे ठरलेलेच. माझ्या वडीलधाऱ्या नणंदबाईंनी रुमाल, टोपी सारे आणले होते. ‘एका दिवसाने काय होते? सणाला तरी लेकराला मोकळे करा,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे प्रेम खरे होते आणि वयाचा मान होता. नाही म्हणणे सोपे नव्हते. सून माझ्याकडे पाहत होती. तेविसातून उरतो एक तास. त्या दिवशी सकाळी अंघोळ घातली नाही, ओल्या फडक्याने पुसले आणि तो तास संध्याकाळसाठी राखून ठेवला. नारळ निघाला तेव्हा बूट काढले, बाळाला रुमाल नेसवला, धक्क्यावर नेले, नारळ पाण्यात गेला, आणि एक तासाच्या आत आम्ही धक्क्यावरच एका उलट्या घातलेल्या टोपलीवर बसून बूट पुन्हा चढवले. नणंदबाईंनी नाड्या बांधल्या. थोड्या सैल बांधल्या, मी घरी येऊन परत आवळल्या.

खरी कसोटी आली ती मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी लागली. तो बावीस महिन्यांचा होता आणि बोटे बुटाच्या कडेवर येऊ लागली होती. पुढला नंबर आणायला परळला जाणे अशक्य. सुनेने चौकटीच्या वहीच्या पानावर त्याचे पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ काढली, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो पाठवला, आणि रुग्णालयातल्या ताईंनी त्यावरून नंबर सांगितला. मासेमारीला सवलत मिळाल्यावर मुंबईला मासळी घेऊन जाणाऱ्या टेम्पोच्या चालकाने परतीच्या खेपेत बुटांचे खोके आणून दिले. आठवडाभर त्या बुटांना बोंबलाचा वास होता. नातवाने तक्रार केली नाही.

खर्चाविषयी विचारणारे अनेक भेटतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढचे उपचार त्यात विनामूल्य होतात, आणि पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. ‘क्युअर इंडिया’ ही संस्थाही २००९ पासून सरकारी रुग्णालयांच्या साथीने क्लबफूटसाठी काम करते. गावातल्या आशाताईंना विचारले तर वाट सापडते. मूल मोठे झाले असले तरी निराश होऊ नये; चालू लागलेल्या मुलांतही प्लास्टरने बरेच साधते, आणि वळण परत आल्यास पुन्हा प्लास्टर, गरज पडल्यास तिसऱ्या वर्षाच्या आसपास एका कंडरेची जागा बदलण्याची लहान शस्त्रक्रिया, असे पर्याय उरतात.

जाता जाता नितंबाच्या सांध्याविषयी दोन शब्द, कारण हा विषय थेट आपल्या दुपट्याशी निगडित आहे. काही बाळांचा, विशेषतः पायाळू जन्मलेल्यांचा आणि मुलींचा, हा सांधा खोबणीत नीट बसलेला नसतो. आपण बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळतो, त्याने तो आणखी निसटू शकतो. दुपटे छातीभोवती घट्ट असू द्या, पण कमरेखाली पाय बेडकासारखे वाकवून फाकवता येतील इतके सैल ठेवा. कडेवर घेण्याची आपली जुनी रीत याबाबतीत अगदी योग्य आहे. सहा महिन्यांच्या आत कळले तर पट्ट्यांच्या मऊ साजानेच बहुतेकदा भागते. उलट, दोन वर्षांपर्यंतचे फेंगडे पाय आणि तीन-चार वर्षांचे आत भिडणारे गुडघे बहुधा वाढीचा भाग असतात व सातव्या वर्षापर्यंत सरळ होतात. एकच पाय वाकडा असेल किंवा वाकडेपणा वाढत असेल तर मात्र दाखवावे.

नातू आता सात वर्षांचा आहे. डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक आहे आणि डावे पाऊल सुमारे एक सेंटिमीटर लहान. हे तसेच राहणार, असे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितले होते. शाळेचे बूट आम्ही उजव्या पायाच्या मापाने घेतो आणि डाव्यात जाड पाताळी घालतो. उरणच्या दुकानदाराला आता सांगावे लागत नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवायला जायचे असते. जानेवारी २०२४ पासून उरणहूनच लोकल सुटते, त्यामुळे पनवेलचा वळसा वाचला. यंदाची तारीख दिवाळीनंतरची आहे. भाऊ म्हणतो, या वेळी मीही येतो, माझाही घोटा एकदा दाखवू.